शुक्राचार्यांची बंदी आणि गांजाचा भाव

कोपरगावच्या बेटात शुक्राचार्यांचे मंदिर आहे. दैत्यगुरूंचा आश्रम गोदावरीच्या याच काठी होता आणि कच-देवयानीची कथा येथेच घडली, अशी या भागाची श्रद्धा आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही कथा खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'मुळे (१९१३) किंवा खांडेकरांच्या 'ययाति'मुळे (१९५९) ठाऊक असते, आणि बहुधा ती देवयानीच्या प्रेमभंगाची कथा म्हणूनच लक्षात राहते. महाभारताच्या आदिपर्वात मात्र तिच्यात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्यांच्याकडे आपले सहसा दुर्लक्ष होते.

पहिली गोष्ट बंदीची. दैत्यांनी कचाला जाळून त्याची राख सुरेत कालवली आणि ती शुक्राचार्यांना पाजली. शुद्धीवर आल्यावर, काय घडले हे कळल्यावर, त्यांनी सुरापानाचा निषेध घोषित केला. परंतु हा निषेध ब्राह्मणांपुरता होता. दैत्यांच्या नगरीतील इतरांचे पेले त्या दिवसानंतरही भरतच राहिले असणार. आपल्या वाङ्मयातील इतक्या जुन्या दारूबंदीलाही हद्द होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट कचाची. संजीवनी विद्या एकाच बाजूला होती. दुसऱ्या बाजूला तिची नितांत गरज होती, कारण देव मरत होते आणि दैत्य पुन्हा उठत होते. जी वस्तू सीमेच्या एका अंगाला सहज मिळते आणि दुसऱ्या अंगाला प्राणांच्या मोलाची असते, ती आणण्यासाठी कोणी तरी सीमा ओलांडतोच. कच हा तसा वाहक आहे. त्याला तीनदा मारले जाते. अखेरीस देवयानीच्या शापामुळे ती विद्या त्याला स्वतःला फळत नाही. तो ती केवळ पुढे पोहोचवू शकतो. वाहकाच्या नशिबाचे इतके नेमके वर्णन मला अन्यत्र आढळलेले नाही. (कोपरगावातील एका सहकारी साखर कारखान्याचे नावही पूर्वी 'संजीवनी'च होते. असो.)

या दोन गोष्टी मनाशी ठेवून गांजाला कायदेशीर मान्यता देण्याच्या वादाकडे पाहावे असे मला वाटते. हा वाद आता आपल्याकडेही दूरचा राहिलेला नाही. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून वगळले, तेव्हा भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले. उत्तराखंडाने २०१८ पासून औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवानगी दिली, आणि हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने २०२४ मध्ये औषधी व औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला. चर्चा सुरू झाली की दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, बंदी उठवा म्हणजे तस्करी आपोआप संपेल. दुसरा म्हणतो, बंदी उठवली तर गांजाचा पूर येईल. दोघेही गांजाविषयी बोलतात. तस्करी ज्या गोष्टीवर जगते तिच्याविषयी, म्हणजे सीमेच्या दोन बाजूंच्या भावांतील फरकाविषयी, दोघेही फारसे बोलत नाहीत.

कोपरगावच्या वाचकाला हा फरक समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये, कारण हा तालुका कित्येक पिढ्या सीमेवर राहिला आहे. आज कोपरगाव आणि वैजापूर हे एका राज्यातील शेजारचे तालुके आहेत. १९४८ पर्यंत वैजापूर निजामाच्या मुलखात होते आणि कोपरगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. तेव्हा कोपरगाव तालुक्यातच मोडणाऱ्या पुणतांब्याच्या खाली तर गोदावरी स्वतःच बराच अंतर सीमा होऊन वाहत होती. पलीकडे नाणे वेगळे, हाली शिक्का. जकात वेगळी, तिचे नाव करोडगिरी. आणि अबकारीचे दरही वेगळे. नदी उन्हाळ्यात पायी ओलांडता येई. अशा ठिकाणी कोणती वस्तू कोणत्या दिशेने जाते, हे त्या वस्तूच्या गुणदोषांवर अवलंबून नसते. या आठवड्यात कोणत्या काठावर भाव चढा आहे, एवढ्यावरच ते ठरते.

आणि गांजा ही या जिल्ह्याला परकी वस्तू नव्हती. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये डब्ल्यू. एस. केन यांनी मार्च १८९३ मध्ये प्रश्न विचारल्यावर सरकारने भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सात सदस्यांत तीन हिंदी होते. आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि त्याचा सात खंडांचा अहवाल निघाला. मुंबई इलाख्यात गांजाचे पीक जेथे घेतले जाई त्या जिल्ह्यांत अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि सातारा यांची नावे या अहवालात येतात. हा अहवाल आज बहुधा एकाच वाक्यासाठी वापरला जातो: मर्यादित सेवनाने फारसा अपाय होत नाही, असा त्याचा निष्कर्ष. बंदी उठवा म्हणणाऱ्यांना तेवढे पुरते. परंतु मला त्यातील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. संपूर्ण बंदी आयोगाने नाकारली, तरी त्याने व्यापार मोकळा सोडा असेही म्हटले नाही. लागवड परवान्याखाली आणि थोड्या क्षेत्रात एकवटावी, दुकानांची संख्या मर्यादित असावी, जवळ बाळगण्याच्या प्रमाणाला मर्यादा असावी आणि कर पुरेसा असावा, अशी त्याची दिशा होती. 'पुरेसा' या शब्दात सगळी मेख आहे. कर इतका वाढवता येतो की माणूस कमी ओढील. त्याहून थोडा अधिक वाढवला की तो तेवढाच ओढतो, फक्त चोरीचा.

ही मर्यादा कोठे आहे हे त्या काळच्या अधिकाऱ्यांना संस्थानांच्या सीमांवर कळत असे. बंगालमध्ये राजशाही जिल्ह्यातील नौगाव येथे सरकारी देखरेखीखाली गांजा पिकत होता आणि त्यावर चांगला कर होता. ओरिसातील गडजात संस्थानांतून येणारा गांजा त्या कराविना येई, म्हणून स्वस्त पडे, आणि साहजिकच बंगालमध्ये शिरे. मध्य प्रांतात लागवड निमाडातील खांडव्याजवळ एकवटलेली होती. भोवती संस्थानांचा मुलूख होता आणि तेथेही हीच अडचण. लक्षात घ्यावे की या काळात गांजा दोन्ही बाजूंना कायदेशीर होता. तरीही तस्करी होती. म्हणजे तस्करी जन्माला येण्यासाठी बंदी लागतेच असे नाही. दोन दर लागतात.

दारूच्या बाबतीत तर हे आपण आजही पाहतो. सिंधुदुर्गातील बांदा-इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर जी 'गोवा बनावटीची दारू' पकडली जाते, ती गोव्यात कायदेशीर आहे आणि महाराष्ट्रातही दारू कायदेशीर आहे. फरक केवळ अबकारी कराचा. वृत्तपत्रांतील ही शब्दयोजना मला नेहमी मौजेची वाटते: दारूच्या नावाआधी तिचे गाव लावले की तिचा गुन्हा सिद्ध होतो. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली, आणि शेजारचे यवतमाळ मात्र बंदीबाहेर होते. तेलंगणाची सीमाही लागूनच. २०२१ च्या मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने बंदी उठवली, तेव्हा अवैध दारूचा सुळसुळाट हेच कारण पुढे होते. वर्धा आणि गडचिरोलीतील बंदी अद्याप चालू आहे. दारूबंदीच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या चळवळींविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि बंदीने काहीच साधत नाही असे मी म्हणणार नाही. एवढेच की जिल्ह्याएवढी लहान बंदी ही शेजारच्या जिल्ह्यातील दुकानदाराला दिलेली भेट ठरते.

कोपरगावनेही हा अनुभव घेतला असणार. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. वैजापूर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते, आणि राज्य पुनर्रचनेनंतर या कायद्याचा विस्तार व्हायला १९५९ साल उजाडले. म्हणजे निजाम गेला, तरी गोदावरीच्या दोन काठांना जवळजवळ दहा वर्षे दोन कायदे राहिले. याच मुंबई कायद्याच्या कक्षेत भांग आणि गांजाही होते. म्हणूनच आज मध्य प्रदेशात, उज्जैनसारख्या ठिकाणी, परवानाधारक दुकानात मिळणारी भांग महाराष्ट्रात परवान्याविना बाळगणे गुन्हा ठरतो. केंद्राच्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी आणली, पण गांजाची व्याख्या करताना शेंडे सोडून नुसती पाने वगळली. एकाच झुडपाच्या पानाला एक कायदा आणि फुलाला दुसरा. भांगेत तुळस उगवते असे आपण म्हणतो. येथे भांगेतच भांग आणि गांजा वेगळे उगवतात.

आता बाहेरच्या जगाकडे वळू, कारण कायदेशीर मान्यतेचा मोठा प्रयोग गेल्या दहा-बारा वर्षांत तेथे झाला आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये मतदानाने गांजा खुला केला आणि मागोमाग इतर राज्ये आली. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून संपूर्ण देशासाठी कायदा लागू केला. मेक्सिकोच्या सीमेवर अमेरिकेचे सीमा-रक्षक जेवढा गांजा २०१३ मध्ये पकडत होते, त्याच्या सुमारे एक दशांश २०१९ मध्ये त्यांच्या हाती लागला. मान्यतेच्या समर्थकांचे म्हणणे येथे खरे ठरले: घराजवळ चांगला माल उघडपणे मिळू लागल्यावर मेक्सिकोच्या डोंगरातील माल कोण आणील? परंतु त्याच सीमेवर त्याच काळात मेथॅम्फेटामाइन आणि फेंटानिल यांची जप्ती वाढत गेली. टोळ्यांनी धंदा बंद केला नाही, माल बदलला. आणि देशाच्या आत नव्या सीमा तयार झाल्या. ओरेगॉनमध्ये गांजा खुला, लगतच्या आयडाहोमध्ये बंद. आयडाहोच्या सीमेवरील ऑन्टॅरिओ या लहानशा गावात गांजाची विक्री गावाच्या लोकसंख्येच्या मानाने इतकी मोठी झाली की तिचे गिऱ्हाईक कोठून येते हे विचारावे लागत नाही. कॅलिफोर्नियात, उलटपक्षी, कर आणि परवान्यांचा खर्च इतका चढा राहिला की उघड दुकानांच्या जोडीला चोरटा बाजार तसाच चालू राहिला. आयोगाचा तो 'पुरेसा' शब्द येथे पुन्हा आठवतो.

यांहून जवळचे उदाहरण थायलंडचे आहे, आणि ते थेट मुंबईत येऊन थांबते. थायलंडने ९ जून २०२२ रोजी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. नियमन मागाहून करू, असा विचार होता. काही महिन्यांत बँकॉकच्या रस्त्यांवर हजारो दुकाने उघडली, उत्पादन बेसुमार झाले आणि भाव कोसळले. भाव कोसळला म्हणजे माल दुसरीकडे वाट शोधणार, हे उघड आहे. २०२४ आणि २०२५ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर सीमाशुल्क विभागाने बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडून 'हायड्रोपोनिक' गांजा, म्हणजे मातीविना बंदिस्त जागेत वाढवलेला गांजा, पुन्हा पुन्हा पकडला. जून २०२५ मध्ये थायलंडने माघार घेतली आणि गांजाचे फूल वैद्यकीय चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. थायलंडने चूक केली की नाही हा प्रश्न मी थाई लोकांवर सोडतो. आपल्यासाठी धडा निराळा आहे: आपण आपला कायदा बदलला नाही, तरी शेजाऱ्याने बदलला की आपल्या बाजारातील भाव आणि आपल्या तुरुंगातील माणसे बदलतात.

या बातम्यांत एक आकडा नेमाने येतो. हायड्रोपोनिक गांजाचे मूल्य किलोमागे सुमारे एक कोटी रुपये धरले जाते. म्हणून आठ किलो सापडला की 'आठ कोटींचा मुद्देमाल'. साहित्याचे वाचक म्हणून आपण या आकड्याकडे जरा थांबून पाहायला हवे. हा भाव कोणत्या बाजारातला? बँकॉकमध्ये तो असा नव्हता. मुंबईत तो पुड्यापुड्यांनी, कोणा श्रीमंत गिऱ्हाइकाला, शेवटच्या हातून विकला गेला असता तर कदाचित आला असता. बातमीतील किंमत ही घडून गेलेल्या व्यवहाराची नसते, न झालेल्या व्यवहाराची असते. ती एक प्रकारची अतिशयोक्ती आहे, आणि अलंकारशास्त्रातील अतिशयोक्तीप्रमाणेच तिचे काम वस्तूचे वर्णन करणे हे नसून भाव (येथे दोन्ही अर्थांनी) जागवणे हे आहे. तपासयंत्रणेचे यश त्याने मोठे दिसते. पण तोच आकडा वाचून विशीतल्या कोणा बेकार मुलाला काय वाटत असेल, याचा विचार बातमी लिहिणारा करत नाही.

आपल्या वाङ्मयानेही भावाचा विचार फारसा केलेला नाही, असे मला वाटते. नशेवरचे आपले सर्वांत मोठे नाटक 'एकच प्याला' (१९१९). त्यात सुधाकराचा अधःपात आहे, सिंधूची पतिनिष्ठा आहे, तळीराम आहे. गडकऱ्यांची नजर प्याला घेणाऱ्यावर आहे, आणि शोकांतिकेसाठी ती तेथेच असायला हवी. मात्र गुत्त्याचा ठेका कोणाचा, परवान्याचा लिलाव कोणी केला, दर काय, हे प्रश्न त्या रंगमंचावर येत नाहीत. ते त्या काळी कोणाला सुचत नव्हते असेही नाही. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी वाढत्या गुत्त्यांना लेखी हरकत घेतली होती. १९०८ मध्ये पुण्यात टिळकांच्या अनुयायांनी दारूच्या दुकानांवर निरोधन केले, ते पिणाऱ्याला परतवण्यासाठी होते तसेच सरकारच्या अबकारी उत्पन्नाला धक्का देण्यासाठीही होते. 'विद्याहरण' त्याच वातावरणातले. तरीही कथा-कादंबरीत आपल्याकडे व्यसनी माणूस आला, विकणारा फार थोडा आला, आणि वाहून नेणारा जवळजवळ आलाच नाही. सीमेवरच्या गावाची कादंबरी आपल्याकडे नाही म्हणावी इतकी दुर्मिळ आहे.

भावाचा हा गोंधळ शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो तेव्हा तो अधिक गंभीर होतो. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे गांजा लावण्याची लेखी परवानगी मागितली. कोणत्याही पिकाला भाव मिळत नाही, गांजाला मिळतो, असे त्याचे साधे गणित. पोलिसांनी तो प्रसिद्धीचा प्रकार मानला. मला तो अर्ज म्हणून वाचावासा वाटतो, कारण त्यातील पूर्वार्ध संपूर्ण खरा आहे. उत्तरार्धात मात्र एक भ्रम आहे. गांजाला जो भाव दिसतो तो गांजाचा नाही. झुडूप तणासारखे वाढते. त्याला उसाइतके पाणी नको, कांद्याइतकी मेहनत नको. भाव आहे तो धोक्याचा: पकडले जाण्याचा, लाच देण्याचा, रात्री प्रवास करण्याचा. उद्या लागवड खुली झाली तर पहिल्या हंगामानंतर हा भाव उरणार नाही. ओरेगॉनमध्ये नेमके हेच झाले. परवाने भरमसाट दिले गेले, गरजेच्या दुपटीच्या आसपास माल तयार झाला आणि लहान उत्पादक बुडाले. आपल्याकडे तर बियाणे, परवाना, प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र आणि खरेदी हे सर्व कोणा मोठ्या कंपनीच्या हाती जाईल आणि शेतकऱ्याच्या वाट्याला पुन्हा तोच, बांधावरचा भाव येईल.

बंदी साध्या वस्तूलाही कशी तस्करीची वस्तू बनवते हे कोपरगावच्या कांदा उत्पादकाने अलीकडेच पाहिले आहे. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात कांद्याच्या निर्यातीवर बंदी होती. इथे भाव पडला, आखातात चढला, आणि टोमॅटोच्या खोक्यांआड कांदा दडवून पाठवण्याचे प्रकार सीमाशुल्क विभागाने पकडले. कांदा ओढून कोणालाही नशा येत नाही.

मग माझे म्हणणे काय? गांजावरची सरसकट फौजदारी बंदी उठवावी असे मला वाटते, पण ती राज्याराज्याने, तुकड्यातुकड्याने उठवू नये. हिमाचलने एक करावे, महाराष्ट्राने दुसरे आणि तेलंगणाने तिसरे, असे झाले तर आपण गडजात आणि नौगाव पुन्हा उभे करू. दर देशभर एक असावा, कर माफक असावा, लागवडीचे परवाने लहान खातेदारांच्या संस्थांना आणि मोजकेच द्यावेत. महसूल मिळेल या आशेने ज्यांना हा बदल हवा आहे त्यांच्यापासून मात्र सावध राहावे, कारण महसुलाची भूक वाढली की कर चढतो आणि कर चढला की गोदावरी पुन्हा सीमा होते.

तोवर आहे त्या कायद्यात एक विसंगती आहे, ती तरी दूर व्हावी. १९८५ चा कायदा गांजाची गंभीरता वजनावर ठरवतो. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण; वीस किलोपासून पुढे व्यापारी प्रमाण, ज्याला दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी आहे आणि ज्यात जामीन मिळणे जवळजवळ अशक्य. सरकारच्याच हिशेबाने आठ कोटींचा असलेला बँकॉकचा आठ किलो माल या व्यापारी मर्यादेच्या आत राहतो. धुळे जिल्ह्यात शिरपूरच्या सातपुडा पट्ट्यातून किंवा ओडिशा-आंध्रच्या सीमेवरून आलेल्या गांजाची किंमत पोलिसांच्या पंचनाम्यात किलोमागे काही हजार रुपये लावलेली असते. त्याचे एकवीस किलोंचे पोते डोक्यावरून एसटीच्या थांब्यापर्यंत नेणारा मजूर मात्र त्या मर्यादेच्या पलीकडे जातो. त्या पोत्याची पंचनाम्यातील एकूण किंमत काही लाखांत भरते. त्यातले त्याला ठरलेले असतात वाहतुकीचे काही शे रुपये.